अँट्वान डेव्हिस आणि पीट मॅराविच: तीन गुणांचे अंतर कसे वाचावे?

मध्यरेषा

नमस्कार. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू हाताळत प्रामुख्याने बाहेरच्या भागातून, खेळलेल्यांच्या कारकिर्दींचा अभ्यास मी सध्या हौसेने करत आहे आणि त्यातील एका कारकिर्दीविषयी माझे मत काही केल्या ठरत नाही. इथल्या जाणकारांचे विचार कळावेत म्हणून प्रश्न जरा सविस्तर मांडतो.

२ मार्च २०२३ रोजी ओहायोतील यंग्सटाउन येथे होरायझन लीगच्या स्पर्धेचा उपांत्यपूर्व सामना झाला. डेट्रॉइट मर्सी विद्यापीठाचा गार्ड अँट्वान डेव्हिस त्या सामन्यात उतरला तेव्हा पाच हंगामांत मिळून त्याच्या नावावर ३,६४२ गुण होते. पुरुषांच्या प्रथम श्रेणीतील सर्वाधिक गुणांचा विक्रम लुइझियाना स्टेटच्या पीट मॅराविचचा होता, ३,६६७ गुणांचा, आणि तो १९७० पासून अबाधित होता. बरोबरीसाठी २५ आणि विक्रम मोडण्यासाठी २६ गुण हवे असताना डेव्हिसने २२ केले. त्यासाठी त्याने २६ शॉट घेतले आणि त्यांपैकी ७ बास्केटमध्ये गेले. तीन गुणांच्या रेषेबाहेरून १६ पैकी ४. लीगमधील अव्वल मानांकित यंग्सटाउन स्टेटने सामना ७१-६६ असा जिंकला. १४ विजय आणि १९ पराभव असा हंगाम असलेल्या डेट्रॉइट मर्सीला पुढे कोणत्याही हंगामोत्तर स्पर्धेचे आमंत्रण मिळाले नाही, आणि डेव्हिसची कारकीर्द ३,६६४ गुणांवर संपली.

यानंतर जे लिहिले गेले त्यात मला दोन टोके दिसतात. काहींच्या मते मॅराविचने ८३ सामन्यांत, सरासरी ४४.२ गुणांनी, आणि तीन गुणांची रेषा अस्तित्वात नसताना जे केले, ते १४४ सामने खेळलेल्या खेळाडूने मागे टाकणे अन्यायाचे ठरले असते, त्यामुळे झाले ते बरे झाले. दुसरीकडे काही जण डेव्हिसकडे केवळ दुर्दैवी म्हणून पाहतात, जणू पाच वर्षांच्या खेळात त्या तीन गुणांखेरीज सांगण्यासारखे काही नव्हते. मला दोन्ही मते अपुरी वाटतात.

म्हणून माझे प्रश्न असे. या दोन आकड्यांची तुलना मुळात करता येते का, आणि येत असेल तर कशाच्या आधारे? आणि विक्रम बाजूला ठेवला, तर फारसा न जिंकणाऱ्या संघासाठी पाच वर्षे खेळलेल्या या गार्डची कारकीर्द आपण कशी जोखावी?

---

तिसरा पंच

प्रश्न नेमका आहे. मी फक्त पहिल्या भागाचे उत्तर देतो, कारण नियमांचा इतिहास नीट लावल्याशिवाय दुसऱ्या भागाकडे जाता येत नाही.

मॅराविच १९६६ मध्ये महाविद्यालयात आला, तेव्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळण्याची परवानगी नव्हती. ती १९७२-७३ च्या हंगामापासून मिळाली. त्यामुळे त्याचे पहिले वर्ष नवागतांच्या संघात गेले. तिथे त्याने १७ सामन्यांत ७४१ गुण केले आणि ते अधिकृत बेरजेत धरले जात नाहीत. मुख्य संघातून त्याला तीनच हंगाम मिळाले. त्यांत त्याने अनुक्रमे १,१३८, १,१४८ आणि १,३८१ गुण केले, म्हणजे हजाराचा टप्पा त्याने तिन्ही वेळा ओलांडला. ते ७४१ गुण मिळवले तर बेरीज ४,४०८ होते, आणि अनेक चाहते तसे करतातही. परंतु नवागतांचे सामने बहुतांशी दुसऱ्या नवागतांशीच होत असत, त्यामुळे ही बेरीज करणे मला योग्य वाटत नाही. अन्याय त्याच्यावर झाला हे खरे, पण त्याची भरपाई वेगळ्या दर्जाचे गुण मिसळून होत नाही.

डेव्हिसच्या बाबतीत याच्या अगदी उलट घडले. तो २०१८ मध्ये आला आणि पहिल्या सामन्यापासून मुख्य संघात खेळला. पुढे कोविडच्या साथीमुळे एनसीएए या नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये निर्णय घेतला की हिवाळी खेळांतील विद्यार्थ्यांचा २०२०-२१ चा हंगाम त्यांच्या चार हंगामांच्या मर्यादेत मोजला जाणार नाही. त्यामुळे डेव्हिसला पाचवा हंगाम मिळाला. ही सवलत त्या वर्षी खेळणाऱ्या प्रत्येकाला होती, त्याच्यासाठी काही वेगळे केलेले नव्हते. तेव्हा त्याला पाच वर्षे मिळाली म्हणून त्याच्याकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. मात्र बेरजांची तुलना करताना एकाला तीन आणि दुसऱ्याला पाच हंगाम मिळाले हे विसरून कसे चालेल?

आता तीन गुणांच्या रेषेकडे येतो. महाविद्यालयीन खेळात ती सर्वत्र लागू झाली १९८६-८७ मध्ये. मॅराविचची प्रत्येक मैदानी बास्केट दोन गुणांची होती: त्याने एकूण १,३८७ बास्केट केल्या, म्हणजे २,७७४ गुण, आणि उरलेले ८९३ गुण फ्री थ्रोंचे, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या एकेका गुणाच्या मोकळ्या शॉटचे. डेव्हिसने रेषेबाहेरून ५८८ बास्केट केल्या. हा त्या वेळी विक्रम ठरला; आधीचा ५०९ चा विक्रम वॉफर्डच्या फ्लेचर मॅगीचा होता. ५८८ गुणिले तीन म्हणजे १,७६४ गुण, डेव्हिसच्या एकूण गुणांपैकी ४८ टक्के. रेषा नसती तर यांतले ५८८ गुण वजा झाले असते, असे कोणी म्हणेल. हिशेबाने ते बरोबर आहे. पण रेषा नसती तर डेव्हिसने तिथून इतके शॉट घेण्याचा सरावच केला नसता. खेळाडू त्याच्या काळाच्या नियमांत घडतो. मॅराविचच्या लांबून घेतलेल्या शॉटना आजच्या नियमाने किती गुण मिळाले असते याचे हिशेबही लोक आवडीने मांडतात, आणि तेही मला याच कारणाने पटत नाहीत.

रेषेबाबत आणखी एक बारकावा आहे, जो या चर्चेत सहसा येत नाही. डेव्हिसच्या पहिल्या हंगामात ती २० फूट ९ इंचांवर होती. त्या वर्षी त्याने १३२ तीन गुणांच्या बास्केट करून स्टीफन करीचा नवागतांमधील १२२ चा विक्रम मोडला. पुढच्याच हंगामात, २०१९-२० मध्ये, पुरुषांची रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर नेण्यात आली. म्हणजे उरलेली चार वर्षे तो जवळजवळ दीड फूट अधिक लांबून शॉट घेत होता.

शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत शॉट घ्यायला लावणारे घड्याळ, तेही मॅराविचच्या काळात नव्हते. महाविद्यालयांत ते १९८५-८६ मध्ये ४५ सेकंदांचे आले, १९९३-९४ मध्ये ३५ चे झाले आणि २०१५-१६ पासून ३० चे आहे. घड्याळ नसल्यामुळे प्रतिस्पर्ध्याला चेंडू हवा तितका वेळ आपल्याकडे ठेवून मॅराविचला त्यापासून दूर ठेवता येत असे. त्याने गुण केले ते या परिस्थितीत.

तुलना करायचीच असेल तर रेषेच्या आधीच्या काळातील गार्ड एकमेकांसमोर ठेवावेत, असे माझे मत आहे. पोर्टलंड स्टेटचा फ्रीमन विल्यम्स १९७८ पर्यंत चार हंगाम खेळला, त्यालाही तीन गुणांची रेषा मिळाली नाही, आणि त्याने १०६ सामन्यांत ३,२४९ गुण केले. डेव्हिस पुढे जाईपर्यंत मॅराविचच्या खालोखाल हेच नाव होते. मॅराविच आणि विल्यम्स यांची तुलना अर्थपूर्ण आहे. मॅराविच आणि डेव्हिस यांची तुलना केवळ विक्रमांच्या तक्त्यात शक्य आहे, आणि तक्त्यात तीन गुण म्हणजे तीन गुण.

---

वीकसाइड

तिसरा पंच यांनी नियमांची बाजू चोख मांडली आहे. मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या मते डेव्हिसची खरी गोष्ट तिथे आहे.

सुरुवात वडिलांपासून करावी लागेल. मॅराविचचे वडील प्रेस हे लुइझियाना स्टेटचे प्रशिक्षक होते, आणि डेव्हिसचे वडील माइक डेव्हिस डेट्रॉइट मर्सीचे. माइक डेव्हिस यांनी २००२ मध्ये इंडियाना विद्यापीठाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला होता. अँट्वानने आधी ह्यूस्टन विद्यापीठ निवडले होते. २०१८ मध्ये वडिलांची डेट्रॉइटला नेमणूक झाली, तेव्हा तो त्यांच्याकडे आला. वडील प्रशिक्षक असले की मुलाला हवे तितके शॉट मिळतात, हा आक्षेप दोन्ही पितापुत्रांवर घेतला गेला आहे. मॅराविचने ८३ सामन्यांत ३,१६६ शॉट घेतले, म्हणजे सामन्यामागे ३८. दुसऱ्या कोणत्याही प्रशिक्षकाने ही मुभा दिली असती का, हा प्रश्न रास्त आहे. पण प्रशिक्षक आपल्या सर्वोत्तम खेळाडूकडे चेंडू देतो तो संघ जिंकावा म्हणून. प्रेस मॅराविच आले त्या पहिल्या हंगामात, म्हणजे पीट नवागतांच्या संघात असताना, मुख्य संघाने ३ सामने जिंकले आणि २३ गमावले. पुढच्या वर्षी पीट मुख्य संघात आला आणि निकाल १४-१२ झाला. त्याच्या अखेरच्या वर्षी तो २२-१० होता. हे त्या ३८ शॉटचे समर्थन म्हणून मला पुरेसे वाटते.

डेव्हिसच्या संघाने असा उत्कर्ष पाहिला नाही. २०१९-२० मध्ये ८ विजय आणि २३ पराभव होते, अखेरच्या वर्षी १४ आणि १९. पाच वर्षांत राष्ट्रीय स्पर्धेत एकदाही प्रवेश मिळाला नाही. (मॅराविचही त्या स्पर्धेत कधी खेळला नाही, परंतु त्या काळी प्रत्येक कॉन्फरन्समधून, म्हणजे विद्यापीठांच्या लीगमधून, एकाच संघाला जागा असे, आणि त्याच्या कॉन्फरन्समध्ये केंटकीचा बलाढ्य संघ होता.) मग डेव्हिसच्या गुणांनी संघाला काय मिळाले? याचे उत्तर तो गेल्यानंतरच्या हंगामात शोधावे. २०२३-२४ मध्ये डेट्रॉइट मर्सीने १ सामना जिंकला आणि ३१ गमावले, आणि त्या हंगामाअखेर माइक डेव्हिस यांनाही पद सोडावे लागले. एका खेळाडूच्या जाण्याने सगळेच घडले असे मी म्हणणार नाही, कारण संघात इतरही बदल होत असतात. तरीही हा संघ कोणाच्या आधाराने उभा होता हे समजायला तेवढे पुरे आहे.

आता प्रत्यक्ष खेळाविषयी. १८५ सेंटिमीटर उंचीच्या आणि सडपातळ अंगाच्या गार्डला, संघात दुसरा भरवशाचा गुण करणारा नसताना, रोज कशाला तोंड द्यावे लागते याची कल्पना गुणांच्या यादीवरून येत नाही. प्रतिस्पर्धी प्रशिक्षकाची सगळी आखणी एकाच माणसाभोवती होते. एक खेळाडू चेंडू कुठेही असला तरी केवळ त्याच्याच अंगाला चिकटून राहतो आणि बाकीचे चौघे चौकोनात उभे राहून आतला रस्ता बंद करतात. सहकाऱ्याने स्क्रीन लावला, म्हणजे बचावपटूच्या वाटेत आडवे उभे राहून त्याला अडवले, की दोघे जण एकदम बाहेर येऊन त्याला चेंडू सोडायला भाग पाडतात. उंच खेळाडूशी अदलाबदल करून शॉटवर हात ठेवला जातो. पासचा मार्गच रोखून धरायचा, हा आणखी एक उपाय. मग गार्डला चेंडू मिळवण्यासाठी मध्यरेषेपर्यंत मागे यावे लागते आणि तीस सेकंदांतली दहाबारा तिथेच जातात.

यावर डेव्हिसकडे जी उत्तरे होती ती पाहण्यासारखी आहेत: चेंडू नसताना सतत धावत राहणे, स्क्रीनच्या कडेने वळताना बचावपटू कुठल्या बाजूने येतो हे पाहून ऐनवेळी दिशा बदलणे, ड्रिबल करता करता एकदम थांबून मागे उडी घेणे, आणि चेंडू हातात आल्यापासून सुटेपर्यंतचा वेळ इतका कमी ठेवणे की उंच हातही वेळेत पोहोचू नयेत. अशा शॉटची टक्केवारी मोकळ्या शॉटइतकी राहत नाही, हे उघड आहे. शेवटच्या सामन्यातील २६ पैकी ७ हा आकडा पुष्कळांनी त्याच्याविरुद्ध वापरला; तो शॉट घेत होता ते कोणाच्या हाताखालून आणि घड्याळात किती सेकंद उरले असताना, हे मात्र त्या आकड्यासोबत कोणी सांगितले नाही.

त्याच्या कारकिर्दीतील एकच आकडा ठेवायचा असेल तर मी ३,६६४ ठेवणार नाही, १४४ ठेवीन. तो १४४ सामने खेळला आणि त्या प्रत्येक सामन्यात त्याने किमान दहा गुण केले. सलग दोन अंकी गुणांचा आधीचा विक्रम ला सालच्या लायोनेल सिमन्सचा होता, ११५ सामन्यांचा. पाच वर्षांत आजारपण, दुखापत, लांबचा प्रवास, चार दिवसांत दोन सामने, विशीतल्या मुलाच्या मनाचे चढउतार, हे सगळे आलेच असणार. आणि तरीही एकही रात्र रिकामी गेली नाही. पहिल्या हंगामात त्याची सरासरी २६.१ होती. अखेरच्या हंगामात, म्हणजे सगळा देश त्याला ओळखू लागला आणि प्रत्येक संघाने त्याच्या चित्रफिती पाठ केल्या तेव्हा, ती २८.२ वर गेली आणि तो देशात पहिला ठरला. गार्डच्या कारकिर्दीत याहून मोठी पावती मला माहीत नाही.

---

जुनी स्कोअरशीट

वीकसाइड यांचे विवेचन आवडले, तरी १४४ या आकड्याला त्यांनी दिलेल्या वजनाशी मी सहमत नाही. कारण एका सामन्याच्या आधारे सांगतो.

२५ नोव्हेंबर २००८ रोजी डेव्हिडसनचा सामना लॉयोला मेरीलँडशी झाला. स्टीफन करी तेव्हा डेव्हिडसनमध्ये तिसऱ्या वर्षाला होता आणि त्याआधीच्या वसंतात त्याच्या संघाने गोंझागा, जॉर्जटाउन आणि विस्कॉन्सिनला हरवून राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम आठांत धडक मारली होती, जिथे कॅन्सससमोर ५९-५७ असा निसटता पराभव झाला. लॉयोलाने करीमागे सबंध सामनाभर दोन बचावपटू लावले. आपण कोपऱ्यात उभे राहिलो तर दोघेही आपल्यासोबत तिथेच राहतात आणि उरलेल्या मैदानात आपले चार जण तिघांविरुद्ध खेळतात, हे लक्षात आल्यावर करी कोपऱ्यात उभा राहिला. त्याने तीनच शॉट घेतले आणि त्याचा एकही गुण झाला नाही. डेव्हिडसनने सामना ७८-४८ असा जिंकला. त्या हंगामात करी २८.६ च्या सरासरीने देशात पहिला होता, तेव्हा गुण कसे करावेत हे त्याला सांगण्याची गरज नव्हती. शून्य गुणांचा तो सामना गार्डच्या समजेचा उत्कृष्ट नमुना आहे, असे मी मानतो.

प्रत्येक सामन्यात दहा गुण करणारा गार्ड असे कधी करूच शकत नाही. डेव्हिसच्या १४४ सामन्यांत एखादी तरी रात्र अशी आली असेल की चेंडू सोडून कोपऱ्यात उभे राहणे संघाच्या हिताचे होते. करीला ते शक्य झाले, कारण चार जण तिघांविरुद्ध जिंकतील असा संघ त्याच्याकडे होता. डेव्हिसकडे तसा नव्हता, हे मी मान्य करतो. परंतु मग १४४ हा आकडा डेव्हिसच्या सातत्याइतकाच त्याच्या संघाच्या मर्यादेचाही ठरतो.

---

मध्यरेषा

तिघांचेही मनापासून आभार. लॉयोलाच्या सामन्याचे उदाहरण विशेष विचार करायला लावणारे आहे. एक उपप्रश्न विचारतो. डेव्हिसला २०२२ मध्ये विद्यापीठ बदलण्याची संधी होती, आणि पाचवा हंगाम न खेळता व्यावसायिक खेळाकडे जाण्याचीही. शिवाय मार्च २०२३ मध्ये त्याच्या संघाला आणखी एखाद्या छोट्या स्पर्धेत घ्यावे की नाही यावर बरीच चर्चा झाली होती. या निर्णयांकडे आपण कसे पाहता?

---

फुलकोर्ट

उपप्रश्नातल्या शेवटच्या मुद्द्याचे उत्तर थोडक्यात देता येईल. ज्या स्पर्धेची चर्चा झाली ती प्रवेशशुल्क भरून खेळण्याची होती, आणि हरलेल्या सामन्यांची संख्या जास्त असलेल्या संघाला केवळ एका खेळाडूच्या विक्रमासाठी घेणे तिच्या आयोजकांनी टाळले. मला तो निर्णय योग्य वाटतो. मॅराविचच्या ३,६६७ मध्ये १९७० च्या एनआयटी या हंगामोत्तर आमंत्रण स्पर्धेतील गुणही आहेत, हे खरे; पण त्याच्या संघाने ते आमंत्रण तेव्हा २० विजयांच्या बळावर मिळवले होते, आणि तिथे जॉर्जटाउन व ओक्लाहोमा यांना हरवून तो उपांत्य फेरीपर्यंत गेला.

विद्यापीठ बदलण्याविषयी मात्र सविस्तर बोलायला हवे. २०२२ च्या वसंतात डेव्हिसने हस्तांतरणासाठी नाव नोंदवले होते. आता विद्यापीठ बदलल्यावर पूर्वीसारखे एक वर्ष बाहेर बसावे लागत नाही, आणि जुलै २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मुभाही आहे. त्यामुळे अशा गार्डला मोठ्या कॉन्फरन्समधील संघांकडून बोलावणी येणे साहजिकच होते. तिथे गेला असता तर त्याला बहुधा राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला मिळाले असते, त्याच्यावरचा दोघादोघांचा बचाव सैल झाला असता, आणि त्याच्याकडून शॉट कमी व पास अधिक मागितले गेले असते. जुनी स्कोअरशीट यांनी ज्या समजेविषयी लिहिले आहे, ती त्याच्यात किती होती हे तिथे दिसले असते. तो वडिलांच्या संघात परतला आणि ते कायमचे अनुत्तरित राहिले. २०२३ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेत, त्याची निवड झाली नाही, यामागेही उंचीइतकेच हेही कारण असावे, असा माझा अंदाज आहे. दुय्यम भूमिकेत तो कसा खेळेल हे कोणी पाहिलेलेच नव्हते.

या ठिकाणी आयोवाच्या महिला संघातील गार्ड केटलिन क्लार्कची आठवण येते, कारण तिच्यापुढेही नेमका पाचव्या हंगामाचाच पर्याय होता. ती २०२०-२१ मध्ये आली, त्यामुळे कोविडची सवलत तिलाही लागू होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी मिशिगनविरुद्ध ४९ गुण करताना तिने केल्सी प्लमचा ३,५२७ चा महिलांमधील एनसीएए विक्रम मागे टाकला. त्याच महिन्याच्या अखेरीस ती लिनेट वुडर्डच्या ३,६४९ च्या पुढे गेली, आणि ३ मार्चला ओहायो स्टेटविरुद्ध फ्री थ्रोवर गुण करत मॅराविचच्याही पुढे. परंतु ओहायो स्टेटच्या त्या सामन्याआधीच, फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी, तिने हाच आपला अखेरचा महाविद्यालयीन हंगाम असल्याचे जाहीर केले होते. १३९ सामने आणि ३,९५१ गुणांवर ती थांबली. पाचवे वर्ष खेळली असती तर कोणाला गाठता येणार नाही असा आकडा झाला असता. तिला त्याची गरज वाटली नाही. तिचे १,१४४ असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला बास्केट करता येईल असे पास, पाहिले, आणि आयोवा २०२३ व २०२४ अशा दोन्ही वर्षी अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली हे पाहिले, की गुण करणे आणि इतरांना खेळवणे या दोन्ही कामांत एकाच गार्डला किती उंची गाठता येते हे समजते. वीकसाइड यांना मी विनंती करीन की गार्डच्या मोठेपणाची पावती म्हणून केवळ गुणांची सरासरी न घेता हेही धरावे.

त्याचबरोबर, डेव्हिसने पाचवे वर्ष घेतले म्हणून त्याला आकड्यांचा लोभी ठरवणे मला मान्य नाही. क्लार्कपुढे व्यावसायिक लीगमधील पहिल्या क्रमांकाची निवड उभी होती. डेव्हिसपुढे तसे काही नव्हते. ज्याच्यासाठी महाविद्यालयीन मैदान हेच सर्वांत मोठे मैदान आहे, त्याने तिथे मिळणारे प्रत्येक वर्ष पूर्ण खेळावे, यात गैर काय?

शेवटी तिसरा पंच यांच्या तक्त्याविषयी एक भर. वुडर्डचे ३,६४९ गुण कॅन्ससमधले, १९७७ ते १९८१ या काळातले. तेव्हा महिलांच्या स्पर्धा एनसीएएकडे नव्हत्या, त्या एआयएडब्ल्यू या स्वतंत्र संघटनेकडे होत्या, आणि म्हणून तिचे नाव एनसीएएच्या यादीत पुष्कळ काळ दिसतच नसे. शिवाय ती पुरुषांच्याच आकाराच्या चेंडूने खेळली. महिलांसाठी लहान चेंडू १९८४-८५ मध्ये आला. तिच्याही आधी, १९७५ ते १९७९ या काळात, पर्ल मूर नावाची गार्ड होऊन गेली. तिच्या ४,०६१ गुणांपैकी बहुतेक साउथ कॅरोलायनातील फ्रान्सिस मॅरियन या लहान महाविद्यालयासाठी होते, आणि तिच्याही काळात तीन गुणांची रेषा नव्हती. २०२१ मध्ये तिला बास्केटबॉलमधील दिग्गजांच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. मध्यरेषा, आपण गार्डच्या कारकिर्दींचा अभ्यास करत आहात, तर डेव्हिस आणि मॅराविच यांच्यानंतर पर्ल मूरकडे अवश्य वळा.